आवाज फोनचा गेला होता

त्या हिवाळ्यात माझ्या घरच्यांचं आणि ऑफिसातल्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मला ऐकू येईनासं झालं आहे, असं ते मत. या दोन्हीकडच्या माणसांची एकमेकांशी धड ओळखही नव्हती, पण इथे त्यांचं जमलं. माझं मत कुणी विचारलं नाही. मी मात्र न विचारताच सांगत होते की माझे कान ठीक आहेत, फोन बिघडलाय. आणि जितकं सांगत होते तितकी त्यांची खात्री पक्की होत होती. बहिरेपणाचं पहिलं लक्षण म्हणे हेच की माणूस ते मान्य करत नाही. असल्या तर्काला उत्तर नसतं. फक्त पाय रोवून उभं राहता येतं.

मी मूळची अमरावतीची. नवरा साताऱ्याचा, हवाईदलात विमानांच्या इंजिनांवर काम केलेला. त्यांच्या बदल्यांबरोबर फिरत फिरत लखनौला आले, इथल्या एका संशोधन संस्थेत मला बुरशीवर काम करायला मिळालं, आणि ते निवृत्त झाल्यावर आम्ही विकास नगरमध्येच घर केलं. आयुष्यभर इंजिनांशेजारी उभं राहून त्यांचे दोन्ही कान अधू झाले होते. ते यंत्र लावत, आणि त्यात त्यांना काडीचाही कमीपणा वाटत नसे. मुलगी इथेच वाढली, बँकेत लागली. मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नसे.

फोन मी हजरतगंजात घेतला होता. तेव्हा मेट्रोची खोदाई सुरू व्हायची होती आणि फुटपाथवरून दुकानं बघत निवांत चालता येत असे. दुकानाच्या काचेच्या कपाटात एका कोपऱ्यात तो पडला होता. जाडजूड, पडदा बाजूला सरकवला की आतून बटणांचा कीबोर्ड निघणारा. मी बोट दाखवलं तसा दुकानदार म्हणाला, "अरे मैडम, ये मत लीजिए. इसे कोई नहीं लेता. कंपनी ने भी बनाना बंद कर दिया. अंदर लिनक्स है इसमें." घर दाखवणाऱ्या दलालाने तळघरात पाणी येतं हे हळूच सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

मला तेवढंच ऐकायचं होतं. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतला संगणक सारखा व्हायरसने आजारी पडायचा, तेव्हा वैतागून मी त्याच्यावरचं विंडोज काढून लिनक्स घालून घेतलं होतं आणि बुरशींच्या जनुकांची तुलना त्यावर करू लागले होते. काळ्या खिडकीत अक्षरं टाइप करायची, यंत्रही अक्षरांतच उत्तर द्यायचं. चुकलं तर काय चुकलं ते सांगायचं. गोड बोलायचं नाही, पण लपवायचंही नाही. मला तो स्वभाव आवडला. बिघडल्यावर ज्याच्या आत डोकावून बघता येतं ती वस्तू आपली, एवढं माझं साधं म्हणणं होतं. खिशात मावेल असा तोच स्वभाव मला त्या कपाटात दिसला. दुकानदाराने मान हलवत तो बांधून दिला.

पहिलं वर्ष उत्तम गेलं. मग एक दिवस कंपनीने पाठवलेली नवी सुधारणा मी फोनवर चढवली, आणि त्यानंतर केव्हातरी हे सुरू झालं. केव्हा ते नेमकं सांगता येत नाही, कारण अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची सुरुवात कुणाच्या लक्षात राहत नाही. फोन यायचा, मी उचलायची, आणि पलीकडे शुकशुकाट. खरखर नाही, तुटक शब्द नाहीत, नुसती शांतता. मी हॅलो हॅलो करायची. कट करून परत लावला की आवाज खणखणीत. पलीकडचं माणूस म्हणायचं, "मुझे तो आपकी आवाज़ साफ़ आ रही थी, आपको ही नहीं सुनाई दिया." सगळा घोळ या वाक्यातून झाला. माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात होता, त्यांचा मात्र माझ्यापर्यंत पोचत नव्हता. मग दोष कुणाचा? जिला ऐकू येत नाही तिचा.

आमचा प्रकल्प आंब्यावरच्या बुरशीचा होता. मलिहाबादच्या बागांतला दशहरी आंबा झाडावर असताना ठणठणीत दिसतो आणि पेटीत घालून दूर पाठवला की देठापासून काळा पडत जातो. ती बुरशी फळात केव्हा शिरते, मोहरात की काढणीच्या वेळी, हे आम्ही शोधत होतो. प्रकल्पाची प्रमुख मी. दक्षिणेतल्या एका विद्यापीठातले दोघं आमचे भागीदार. दर गुरुवारी विभागप्रमुखांच्या खोलीत बैठक व्हायची आणि त्या दोघांचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा, कारण संस्थेच्या टेबलावरचा फोन कायमचा मुका होता.

त्या गुरुवारी फोन थरथरला. बैठकीत असल्यामुळे घंटी बंद होती. मी उचलला आणि शांतता. "हॅलो? हॅलो, आवाज़ आ रही है?" मी विचारत राहिले. खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी कट केला. लगेच विभागप्रमुखांच्या मोबाइलवर त्या दोघांचा फोन आला. तिकडून काय सांगितलं गेलं ते मला ऐकू आलं नाही, पण विभागप्रमुखांचा चेहरा दिसत होता. "अच्छा... अच्छा... मैडम की तो साफ़ आ रही थी?" ते म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने माणसं दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्यांकडे बघतात.

ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. वाईट माणूस नव्हे, पण घाईत निर्णय घेऊन तो दयाबुद्धीने घेतलाय असं समजणारे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं आणि त्यांनी माझ्या शेजारी बसणाऱ्या धाकट्या सहकारी बाईंकडे वळून सांगितलं, "आगे से कॉल आप ले लीजिए." मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, "मैडम, आप आराम से बैठिए. बातचीत ये कर लेंगी. आप बस रिपोर्ट देख लीजिएगा."

धाकट्या बाई कानपूरच्या, हुशार, तिशीतल्या. त्या खाली मान घालून कागद चाळत राहिल्या. मी म्हटलं, "सर, मेरा फोन ख़राब है."

"हाँ हाँ, बिल्कुल," ते म्हणाले.

निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती आणि मला आरामात बसवलं गेलं होतं. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की हे असं राहू द्यायचं नाही.

घरी वेगळीच अडचण. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, एक सांग. घरी तुला फोनवर ऐकू येतं ना?"

"येतं की."

"आणि ऑफिसात, बाजारात येत नाही."

"बहुतेक वेळा तसंच होतं."

"मग संपलं. माझंही असंच सुरू झालं होतं. घरात शांत असतं तेव्हा कळत नाही. बाहेर गेलं की पितळ उघडं पडतं."

मुलगी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, आप एक बार कान दिखा लो ना. दिखाने में क्या जाता है?"

मी चिडले. "तुमचे कान गेले म्हणून माझेही गेलेच पाहिजेत का? घरातल्या सगळ्यांनी एकच रोग घ्यायचा असं ठरलंय?"

"हट्ट आहे हा," ते शांतपणे म्हणाले. "मी यंत्र लावतो तर काय बिघडलं माझं?"

त्यांचं काही बिघडलं नव्हतं, हे खरं. मला यंत्राची लाज नव्हती. आज माझ्या डाव्या कानात यंत्र आहे, निवृत्तीनंतर मी स्वतः जाऊन घेतलेलं. राग याचा होता की माझ्या फोनचा बिघाड माझ्या अंगावर ढकलला जात होता आणि सगळे त्याला काळजी म्हणत होते.

कान दाखवून आले. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "माताजी, बाएँ कान में ऊँचे सुर थोड़े कम हैं. इस उम्र में इतना चलता है. मशीन लगवा लीजिए, आराम रहेगा." पुन्हा तोच आराम.

"और दायाँ?" मी विचारलं.

"दायाँ तो बढ़िया है."

"मैं फोन दाएँ कान पर लगाती हूँ, डॉक्टर साहब."

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "फिर ध्यान की बात होगी. कई बार आवाज़ कान में जाती है, दिमाग़ नहीं पकड़ता."

म्हणजे कान सुटला तर डोकं सापडलं. मी उठले. मुलगी मागून पैसे देऊन आली आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "देखा, थोड़ा कम तो है." मी म्हटलं, "डावा. डावा कमी आहे. मी डाव्या कानाने फोनवर कधी बोलते का?" ती रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागली. जे ठरवलं आहे त्याच्या बाजूचं तेवढंच माणसाला ऐकू येतं, आणि त्यावर मात्र कुणी यंत्र लावायला सांगत नाही.

या फोनचे जगभरातले मालक जिथे एकमेकांना प्रश्न विचारत अशी इंटरनेटवर एक जागा होती. तिथे मी लिहिलं. एकाने उत्तर दिलं की त्याचा फोन उत्तम चालतो. हे उत्तर कशासाठी दिलं असेल याचा मी बराच विचार केला. दुसऱ्याने सांगितलं, सगळं पुसून टाका आणि नव्याने भरा. ते मी साफ नाकारलं. सगळं पुसल्यावर बरं झालं तर काय बरं झालं ते कळणार नाही, आणि नाही झालं तर माझा पुरावाही गेलेला असणार. प्रयोगशाळेत कुणी संशयित नमुनाच धुऊन टाकला असता तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं. तिसऱ्याने विचारलं, कान तपासलेत का? त्याला मी लिहिलं की तपासलेत, उजवा उत्तम आहे, आपला फोन आपण कोणत्या कानाला लावता? 

मग फोन घेऊन हजरतगंजातल्या त्याच दुकानात गेले. दुकानदाराने फोन हातात घेतला, आवाज पूर्ण वाढवला, एक गाणं मोठ्याने वाजवलं, मग आपल्या फोनवरून माझा नंबर लावला. घंटी दणदणीत वाजली. त्याने उचलून मला दिला. त्याचा आवाज स्वच्छ. "मैडम, फोन तो एकदम टनाटन है."

मी बाहेर पडले. फोन पर्समध्ये टाकताना सवयीने घंटी बंद केली. चौकापर्यंत गेले असेन, तोवर मुलीचा फोन आला आणि शांतता. तशीच वळले आणि परत दुकानात. त्याने पुन्हा गाणं वाजवलं, पुन्हा नंबर लावला, पुन्हा टनाटन. काउंटरपाशी उभी असलेली दोन माणसं हसू दाबत होती. मी बाहेर आले, समोरच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि पहिल्यांदाच रागावण्याऐवजी विचार केला.

तो दरवेळी आधी गाणं वाजवतो.

मी तिसऱ्यांदा आत गेले. "भैया, गाना मत बजाइए."

"बिना बजाए चेक कैसे करें, मैडम?"

"घंटी बंद रहेगी. फोन यहीं काउंटर पर पड़ा रहेगा. आप दूसरे ग्राहक देखिए, मैं बैठी हूँ. मैं कहूँ तब नंबर लगाइएगा. सीधे."

त्याने खांदे उडवले. मी स्टुलावर बसून राहिले. त्याने कुणाला कव्हर विकलं, कुणाचा चार्जर बदलून दिला. मग मी खूण केली. फोन काउंटरवर थरथरत सरकला. मी तो उचलला आणि माझ्या कानाला न लावता त्याच्या कानाला लावला.

"बोलिए अपने फोन में," मी म्हटलं.

तो आपल्या फोनमध्ये हॅलो म्हणाला आणि माझ्या फोनला कान देऊन उभा राहिला. पुन्हा म्हणाला. मग फोन कानापासून दूर धरून पडद्याकडे बघू लागला. बाकीची दोन माणसंही आता वाकून बघत होती.

"आया कुछ?" मी विचारलं.

"नेटवर्क होगा, मैडम," तो म्हणाला. पण त्याचा सूर उतरला होता.

मला त्याच्याकडून तेवढंच हवं होतं. विकास नगरच्या प्रवासी टेम्पोत मी घट्ट दाबून बसले होते, कुणाचा तरी भाजीचा थैला गुडघ्यावर, आणि मनात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. घरी फोन कुठल्याही खोलीत पडलेला असतो म्हणून घंटी चालू ठेवते, आणि घरी ऐकू येतं. बाहेर घंटी बंद, आणि बाहेर ऐकू येत नाही. कट करून मीच परत लावलं की आधी पलीकडची घंटी कानात वाजते, आणि मग ऐकू येतं. म्हणजे गर्दीचा, शांततेचा, कानाचा इथे संबंध नव्हता. फोनमधून नुकताच काहीतरी आवाज निघालेला असला तर पुढचा आवाजही निघत होता. बराच वेळ तो गप्प असला, की बोलायची वेळ आल्यावरही गप्पच राहत होता, दरवेळी नाही पण पुष्कळदा. जे जे फोन तपासायला घेत होते ते आधी घंटी वाढवत, गाणं वाजवत, आणि तपासण्याच्या आधीच त्याला बरा करून टाकत. घरी नवऱ्याने फोन तपासून पाहिला तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं.

रविवारी दुपारी मी घरातल्या दोघांना कामाला लावलं. थंडीचं ऊन होतं, दोघं गच्चीवर शेंगा खात बसले होते. मुलीला सांगितलं, "थोड्या वेळाने मला फोन कर. मला ऐकू आलं नाही तर कट करायचा नाही. चालू ठेवायचा."

"और फिर?"

"मग काही नाही. बसून राहा."

तिने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी शेंग फोडली.

खाली येऊन मी घंटी बंद केली, फोनचा कीबोर्ड बाहेर काढला आणि काळी खिडकी उघडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. फोनच्या आत आवाजाचा सगळा कारभार एक प्रोग्राम बघतो. त्याला विचारलं की तो आपल्या हाताखालच्यांची हजेरी सांगतो, कोण कामावर आहे, कोण रिकामा बसलाय. प्रयोगशाळेतल्या संगणकावर मी ते अनेकदा पाहिलं होतं. मी वरण फोडणीला टाकलं, ते उकळू दिलं, आणि हजेरी विचारली. उत्तर आलं: आवाज बाहेर टाकणारा सस्पेंडेड.

मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलेली बाई. सस्पेंड या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. पगारपत्रकावर नाव आहे, खुर्ची आहे, पण काम नाही.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. बॅटरी वाचावी म्हणून कुणीतरी तशी सोय केली होती, आवाजाचं काम नसेल तर त्या भागाला झोपवायचं, काम आलं की उठवायचं. प्रश्न एवढाच होता की काम आल्यावर तो उठतो का.

फोन थरथरला. मी उचलला. शांतता. मी "हॅलो" म्हटलं नाही. कॉल चालू ठेवून पुन्हा हजेरी विचारली. पुन्हा तेच उत्तर, सस्पेंडेड. गच्चीवर माझी मुलगी बोलत असणार, मधल्या सगळ्या तारा आणि लहरी आपलं काम चोख करत होत्या, आणि माझ्या हातातल्या डब्यात शेवटचा माणूस झोपलेला होता. मी त्याला उठवणारी आज्ञा टाइप केली. घाईत एक अक्षर चुकलं, पुन्हा टाइप केलं आणि फोन कानाला लावला.

मुलीचा आवाज वाक्याच्या मधूनच कानात घुसला. "...पापा, आप ही चुपचाप मशीन ले आओ. घर में रखी होगी तो एक दिन लगा ही लेंगी."

मग लांबून नवऱ्याचा आवाज. "ती? ती लावणार? लग्न झाल्यापासून एकदा तरी कुणाचं ऐकलंय का तिने?"

"नाही ऐकलं," मी फोनमध्ये म्हटलं. "आता मात्र दोघांचंही ऐकतेय. खाली या."

 मग जिन्यात चपलांचा आवाज. मुलगी दारात येऊन उभी राहिली, हातात फोन तसाच चालू. "मम्मी... आपने सब सुना?"

"मशीनपासून पुढचं सगळं. त्याच्या आधीचं फोनने खाल्लं. आधी काय म्हणालीस?"

"कुछ नहीं," ती म्हणाली आणि लाल झाली.

नवरा मागून आले. मी त्यांना ओट्यापाशी उभं केलं आणि पडदा दाखवला. ते इंजिनांतले माणूस. बिघाड पुन्हा पुन्हा घडवून दाखवता आला की त्यांना तो पटतो, बाकी बोलण्याला ते किंमत देत नाहीत. "परत दाखव," ते म्हणाले. परत दाखवलं. एकदा आवाज नीट आला, तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. पुढच्या वेळी गेला. मी उठवला, आला. मग त्यांनी मुलीला बाजूला करून स्वतः गच्चीवरून फोन केला आणि मला तो शांततेतून उठवून दाखवायला लावला. खाली येऊन म्हणाले, "स्टार्टर अडकतोय."

"हो."

"कान नव्हे."

"हेच मी दिवाळीपासून सांगतेय."

 संध्याकाळी मुलीने कानाच्या यंत्राचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "तो विषय संपला."

आता उठवणाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, तर झोपवणाऱ्यालाच कामावरून कमी करायचं. फोनच्या पोटात एक फाइल होती, सुरू होताना कोणाकोणाला कामावर घ्यायचं ते सांगणारी. तीत झोपवणाऱ्याची एक ओळ होती. त्या ओळीच्या आधी # हे जाळीसारखं चिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. पण तिथे हात घालायला फोनचे सगळे अधिकार स्वतःकडे घ्यावे लागतात, आणि तिथे चूक झाली तर फोन पुन्हा सुरूच होत नाही. मुलीने बँकेतल्या कुणाला तरी विचारलं. "मम्मी, वो कह रहा है फोन ईंट बन जाएगा."

"बनू दे वीट," मी म्हटलं. "निदान वीट आहे हे तरी सगळे मानतील."

ओळीची आधी एक नक्कल ठेवली, चिन्ह टाकलं, फोन बंद केला, चालू केला. तो चालू झाला. त्या दिवसापासून कानाशी शांतता आली नाही. बॅटरी मात्र संध्याकाळपर्यंत टिकेना. झोपायला परवानगी नसलेला माणूस जेवतोही जास्त. मी पर्समध्ये चार्जर ठेवू लागले. इंटरनेटवरच्या त्या जागी मी हे सगळं लिहिलं तेव्हा एकाने मला सुनावलं की ही सोय कंपनीने विचार करून ठेवली होती, ती काढणं अडाणीपणाचं आहे. मी त्याला लिहिलं की दिवसभर गप्प राहून वाचवलेली बॅटरी मला नको आहे.

मला वाटलं होतं, आता संपलं. सोमवारी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, दोष सापडला, फोन नीट झाला, गुरुवारचा कॉल मी घेईन.

ते हसले. "बहुत अच्छा हुआ, मैडम. फोन ठीक हो गया. लेकिन काम तो अब चल ही पड़ा है ना. उन्हीं को करने दीजिए. आप क्यों परेशान होती हैं?"

फोन सुधारला म्हणून माझी खुर्ची आपोआप परत मिळणार नव्हती. पुरावा घेऊन गेले होते, आणि पुरावा कुणाला नकोच होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला खरोखर संताप आला, आणि त्या संतापात माझा आवाज उलट खाली गेला.

"सर, प्रोजेक्ट किसके नाम पर है?"

"आपके. उसमें तो कोई..."

"तो मुझे कॉल से क्यों हटाया गया, ये लिखकर दे दीजिए. लिख दीजिए कि मैडम को सुनाई नहीं देता. मैं कान की रिपोर्ट उसी के साथ लगा दूँगी और ऊपर भेज दूँगी."

सरकारी खोलीत या वाक्याने हवा बदलते. त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "लिखकर? अरे मैडम, लिखने की क्या बात है इसमें? हटाया किसने? आपकी सुविधा के लिए कहा था."

"मेरी सुविधा मुझसे पूछी जाती है, सर."

"आप तो बुरा मान गईं."

"हाँ," मी म्हटलं. "मान गई."

इतकी वर्षं मी अशा वेळी 'नाही नाही, तसं काही नाही' म्हणत आले होते. त्या दिवशी तसं म्हटलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, बहुधा मी पुढे काहीतरी बोलून ते मऊ करीन म्हणून. मी नमस्कार करून बाहेर आले.

गुरुवारी बैठकीला गेले तेव्हा माझ्या नेहमीच्या खुर्चीत धाकट्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, उठल्या आणि शेजारच्या खुर्चीत सरकल्या. सरकताना हलक्या आवाजात म्हणाल्या, "मैडम, मैंने माँगा नहीं था."

"मालूम है," मी म्हटलं. "आप कहीं मत जाइए. दोनों मिलकर लेंगे."

विभागप्रमुख आले. मला त्या खुर्चीत पाहिलं आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी फोन समोर ठेवला. घंटी बंद. धाकट्या बाईंनीच सकाळी त्या दोघांना कळवलं होतं की फोन मॅडमच्या नंबरावर करा. आम्ही वाट बघत बसलो. मला ठाऊक होतं की फोन ठीक आहे, तरी मी पडद्यावरून नजर काढत नव्हते, कारण अधूनमधून होणारा बिघाड गेला की नाही हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

फोन थरथरला. मी उचलला.

"गुड मॉर्निंग, मॅडम," पलीकडून आवाज आला, इतका स्वच्छ की त्यांच्याकडे खिडकीत कुठला तरी पक्षी ओरडत होता तोही ऐकू आला. "आज ऐकू येतंय का आमचं?" असं त्यांनी इंग्रजीत, जरा जपून विचारलं.

"येतंय. तुमच्याकडचा पक्षीसुद्धा. बोला."

ते हसले आणि कामावर आले. त्यांच्याकडे गेलेल्या मोहराच्या नमुन्यांत बुरशी सापडत नव्हती. त्यांचं मत पडलं की ती मोहरात शिरतच नसावी. मी म्हटलं, हे इतक्या लवकर ठरवू नका. तुम्हाला पोचलेले नमुने वाटेत किती दिवस पडून होते? धाकट्या बाईंनी पुढ्यातले कागद चाळून एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे सरकवले. पार्सल वाटेत अडकलं होतं, नमुने सुकून गेले होते. मी तसं सांगितलं. पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग ते म्हणाले, नवे पाठवा, ताजे, आणि या वेळी बर्फात.

"परवा पोचतील," मी म्हटलं आणि फोन खाली ठेवला. मग धाकट्या बाईंना विचारलं, "कल सुबह मलिहाबाद चलेंगी?" त्या हो म्हणाल्या.

विभागप्रमुख इतका वेळ खुर्चीत मागे टेकून बसले होते. आता पुढे झुकले आणि माझ्या डाव्या बाजूने, दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मैडम! गाड़ी चाहिए होगी क्या?"

"जी, चाहिए. सात बजे," मी म्हटलं. "और सर, ज़रा धीरे बोलिए. बगल वाले कमरे में लोग काम कर रहे हैं."